रंग विचारून भरावा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा आटोपल्या की आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलामुलींची रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे दहावी, कॉलेज, निकाह, नोकरी, संसार असे एकामागून एक येत राहते. पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्यातलीच एखादी मुलगी आई होऊन पालकसभेला येते, आपल्या मुलाची चित्रकलेची वही चाळते आणि म्हणते, "मलाही हे खूप आवडायचं." मग सोडलंस का, असे विचारले की हसते. "आता कुणाला दाखवायचं?"

चित्र म्हणजे कुणाला तरी दाखवायची, मार्क मिळवायची वस्तू, हे एकदा मनात बसले की मार्क देणारे संपल्यावर रंगही संपतात. पण दुपारची जेवणे उरकली, मुले अजून शाळेत आहेत, असरच्या नमाजला अवकाश आहे, अशा वेळी अर्धा तास रंगवत बसण्यासाठी परीक्षक लागत नाही. या महिन्यात आपण अशाच अर्ध्या तासाबद्दल बोलू. आणि त्या अर्ध्या तासात घरातल्या ट्रंकेतले जुने काळे-पांढरे फोटो कसे रंगवावेत, याबद्दलही बोलू. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा निकडीचे आहे. का ते पुढे येईलच.

सुकून कशाने मिळतो?

रंगवल्याने मन हलके होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संशोधकांनी ते मोजूनही पाहिले आहे. २००५ साली अमेरिकेतल्या ८४ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आधी आयुष्यातला एखादा भीतीचा प्रसंग आठवून लिहायला लावले, म्हणजे मन अस्वस्थ होईल. मग त्यांचे तीन गट केले. एका गटाला गोल नक्षी रंगवायला दिली, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी आणि तिसऱ्याला कोरा कागद. वीस मिनिटांनी पाहिले तर नक्षी रंगवणाऱ्या दोन्ही गटांची चिंता कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली होती.

यातली मोलाची गोष्ट तिसऱ्या गटाची आहे. कोरा कागद समोर आला की 'काय काढू?' हा प्रश्न उभा राहतो आणि थकलेल्या माणसाला तो प्रश्नच नको असतो. नक्षी आधीच आखलेली असेल तर हाताला काम मिळते आणि मनावर ओझे पडत नाही. तांदूळ निवडताना किंवा क्रोशाची जाळी विणताना आपल्या आई-खालांना जे मिळायचे, तेच इथे मिळते.

दुसरा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, तोही अमेरिकेतला. ३९ प्रौढ माणसांनी ४५ मिनिटे रंग, माती आणि कागद घेऊन मनाला येईल ते केले. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल तपासले. शरीरावर ताण आला की हे द्रव्य वाढते. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालेले आढळले. कुणाला चित्रकला येत होती, कुणाला नव्हती. त्याने फरक पडला नाही. म्हणजे 'माझा हात चांगला नाही' ही सबब इथे चालत नाही.

दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि रंगपेटी म्हणजे औषध नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जीव सतत घाबरा होत असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. रोजच्या थकव्यावर मात्र हा उतारा स्वस्त आहे.

सुरुवात कशी करावी?

महागडे सामान आणू नका. बारा रंगीत पेन्सिलींचा डबा, एक कोरी वही आणि मुलांच्या कंपासपेटीतले कर्कटक एवढे पुरते.

सजीवांची चित्रे काढण्याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, हे आम्ही जाणतो. ज्यांना ती नको वाटतात त्यांच्यासाठी वेली, पाने, फुले आणि भौमितिक नक्षी यांचे भांडार मोकळे आहे. आपल्या पूर्वजांनी त्यात कमाल करून ठेवली आहे. विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंतींवरची अक्षरे आणि नक्षी पाहा. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी पाहा. सहलीत काढलेले फोटो मोबाइलमध्ये पडून असतीलच. त्यातला एक कोपरा निवडा आणि कागदावर उतरवा.

तेही अवघड वाटले तर आमच्या वर्गात चालते ती युक्ती करा. कर्कटकाने एक वर्तुळ काढा. त्यात चौरस बसवा. तेवढाच दुसरा चौरस ४५ अंशांनी फिरवून पहिल्यावर काढा. आठ टोकांचा तारा तयार होतो. असे तारे एकाशेजारी एक काढत गेलात की मधल्या जागांतून आपोआप नवे आकार दिसू लागतात. आता फक्त तीन रंग निवडा. बाराही रंग वापरायचा मोह होतो, पण तीनच घेतले तर नक्षी उठून दिसते आणि 'आता कोणता?' हा विचारही कमी होतो. पेन्सिल हलकी धरा. एकदाच दाबून रंग भरण्यापेक्षा तीनदा हलका हात फिरवलेला बरा. जलरंग घेतले असतील तर फिक्याकडून गडदाकडे जा, कारण जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच, आणि एकदा झाकला की तो परत मिळत नाही.

टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुले जवळ येऊन बसली तर बसू द्या, पण त्यांच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. आणि 'किती छान!' किंवा 'हे असं नाही' यापैकी काहीच बोलू नका. त्या अर्ध्या तासात घरात कुणीच परीक्षक नाही, असे ठरवून टाका.

चित्रकला आपल्यातल्यांचे क्षेत्र नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव सांगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार. कोटितीर्थाच्या तळ्याची चित्रे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. १९३१ साली त्यांचा इंतकाल झाला. एकाच तळ्याकडे इतक्या वेळा पाहण्याची सबुरी आपल्याला अर्ध्या तासापुरती जमली तरी पुष्कळ.

ट्रंकेतले फोटो

नक्षीवर हात बसला की जुन्या फोटोंकडे वळा. फोटो रंगवण्याचा शौक फोटोइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीची कला जगापुढे आली आणि थोड्याच काळात लोक फोटोवर ब्रशने रंग चढवू लागले. आपल्याकडेही ही कला लवकर पोहोचली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली. लघुचित्रे काढणाऱ्या चिताऱ्यांना मग स्टुडिओत नवे काम मिळाले. गाल किंचित गुलाबी करायचे, दागिन्यांवर सोनेरी चढवायचे, गालिचा लाल करायचा. काही घरांत असे फोटो अजून असतील. काळे-पांढरे रंगीत करण्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे 'मुघल-ए-आझम'. १९६० साली आला तेव्हा त्याचा थोडाच भाग रंगीत होता. संगणकाच्या मदतीने संपूर्ण रंगीत केलेली प्रत २००४ साली प्रदर्शित झाली.

आज हे काम मोबाइलमधले ॲप काही सेकंदांत करते. मग हाताने कशाला करायचे, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी एक प्रयोग करू. घरातला एक लाल आणि एक हिरवा कपडा घ्या, दोन्ही साधारण सारख्याच गडदपणाचे. शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही जवळपास सारखेच राखाडी दिसतील. लाल कोणता आणि हिरवा कोणता हे त्या फोटोवरून कुणालाही सांगता येणार नाही, तुम्हाला नाही आणि ॲपलाही नाही. रंगाची माहिती त्या फोटोत उरलेलीच नसते. ॲपने लाखो रंगीत फोटो पाहिलेले असतात, त्यावरून ते अंदाज बांधते. गवत हिरवे, आकाश निळे हे बरोबर येते. पण तुमच्या दादीची ओढणी त्याने कधी पाहिलेली नसते.

फार जुन्या फोटोंत आणखी एक फसगत आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर निळा प्रकाश चटकन उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. म्हणून निळे आकाश पांढरेफटक येई आणि लाल वस्तू काळी. सगळे रंग टिपणाऱ्या प्लेट १९०६ साली बाजारात आल्या, पण त्या सर्रास वापरात यायला बरीच वर्षे गेली. परदादांच्या डोक्यावरची तुर्की टोपी फोटोत काळी दिसते. ती बहुधा लाल होती, काळा असे तो फक्त गोंडा. चेहऱ्याचेही तेच. गव्हाळ माणूस त्या प्लेटवर सावळा दिसे. 'आपले परदादा काळे होते' असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग रंग कळायचा कुठून? फोटोतल्या माणसाला पाहिलेल्या माणसाकडून.

आमच्या नात्यातल्या एका घरी घडलेली गोष्ट सांगतो. दादीचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो होता. नातवाने तो ॲपमध्ये टाकला. ओढणी आसमानी झाली, सगळ्यांना आवडली, फ्रेम करायचे ठरले. घरात सर्वांत वडील म्हणजे फूफीदादी. त्यांच्या हातात फोटो दिला तर म्हणाल्या, "ही आसमानी कुठली? मेंदीच्या रंगाची होती. माझीच तर होती!" दादीची स्वतःची ओढणी त्या दिवशी धुतलेली, वाळली नव्हती. स्टुडिओ बंद व्हायची वेळ झालेली. म्हणून नणंदेने आपली ओढणी काढून भावजयीला दिली आणि फोटो होईपर्यंत स्वतः पडद्यामागे उभी राहिली. फोटोच्या कडेला पडद्याखाली काहीतरी काळे दिसत होते. इतकी वर्षे सगळे त्याला डाग समजत होते. ती फूफीदादींची चप्पल होती.

त्या फोटोत दोन बायका आहेत, हे त्या घरात तोवर कुणालाही माहीत नव्हते. दादी नाहीत, दादा नाहीत, स्टुडिओही नाही. सांगणारे एकच माणूस उरले होते आणि ओढणीचा रंग चुकला म्हणून ते बोलले. आसमानी रंगाचे कौतुक करून फोटो भिंतीवर लागला असता तर ही गोष्ट फूफीदादींबरोबरच गेली असती.

आम्ही हे काम निकडीचे म्हणालो ते यासाठी. नक्षी पुढच्या वर्षीही रंगवता येईल. पण फोटोतले रंग ज्यांच्या डोळ्यांत आहेत त्यांची वये ऐंशीच्या पुढे आहेत.

फोटो रंगवण्याची रीत

मूळ फोटोला कधीही रंग लावू नका. आधी प्रत काढा. स्कॅनर मिळाला तर छोट्या फोटोसाठी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. मोबाइलने काढायचा असेल तर खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर धरा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच प्रत काढा.

मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन जाड, बिनचकाकीच्या कागदावर थोडी फिकी लेझर प्रिंट घ्या. चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाही. घरच्या इंकजेटची प्रिंट असेल तर जलरंग वापरू नका, पाणी लागताच शाई फुटते. तीन-चार प्रती काढून ठेवा, म्हणजे बिघडण्याची धास्ती राहत नाही.

यानंतर लगेच पेन्सिल उचलू नका. ती प्रत घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. 'कपड्यांचा रंग कोणता होता?' एवढेच विचारले तर 'आता काय आठवतंय' असे उत्तर येते. त्यापेक्षा बारीक विचारा. ही साडी सुती की रेशमी? कुणी आणली होती? शेरवानी शिवलेली की कुणाची मागून आणलेली? बांगड्या काचेच्या की सोन्याच्या? घराचे दार कोणत्या रंगाचे होते? फोटो निकाहचा की ईदचा? १९९५ पर्यंत मुंबईच्या बंदरातून जिद्दाला हजची जहाजे जात. कुणाच्या घरी त्या निरोपाचा फोटो असेल तर विचारा की सामानात काय काय होते, पोहोचवायला कोण आले होते, कोण रडले. समोर रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवा आणि 'यातला कोणता?' असे विचारा. रंगाचे नाव न आठवणारी माणसेही पेन्सिलीवर बोट नेमके ठेवतात. एका बैठकीत एकच फोटो. नानी थकल्या की थांबा. आणि जुन्या आठवणीने डोळे भरून आले तर रंगाचे राहू द्या, त्यांच्याजवळ बसून राहा.

रंग भरताना आधी पाठीमागचा पडदा किंवा भिंत, मग कपडे, मग दागिने आणि सर्वांत शेवटी चेहरा. चेहऱ्याला सर्वांत कमी रंग. फिकट तपकिरीचा एक हलका हात पुरतो, सावल्या फोटोत आहेतच. डोळ्यांना हात लावू नका. डोळे बदलले की माणूस बदलतो. केसांत शुद्ध काळा भरू नका. सोन्यासाठी पिवळा हलकाच फिरवा आणि जिथे चमक आहे तो ठिपका पांढरा सोडा.

ज्यांना मोबाइल किंवा संगणकावरच करायचे आहे त्यांनी फोटोवर वेगळा लेअर घ्यावा, त्याची पद्धत 'कलर' निवडावी आणि रंग स्वतः भरावा. मूळ उजेड-सावली तशीच राहते. ॲपने भरलेल्या रंगांपासून सुरुवात करायलाही हरकत नाही. उलट चुकीचा रंग पाहून वडीलधाऱ्यांची आठवण जागी होते, हे वर पाहिलेच. मात्र घरातल्या स्त्रियांचे फोटो अनोळखी ॲपवर चढवण्याआधी त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना विचारा. एकदा बाहेर गेलेला फोटो कुठे साठवला जातो यावर आपला ताबा राहत नाही. ज्या दादीने हयातभर पडदा पाळला, तिच्या फोटोच्या बाबतीत तिची मर्जी ती गेल्यावरही राखली पाहिजे. अशा घरात हाताने रंगवलेली एक प्रत कपाटात राहिली तरी काम झाले.

चित्र पुरे झाले की प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, त्याची शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात. तीन गोष्टी लिहा: फोटोत कोण आहे, कोणता रंग कुणी सांगितला आणि कोणता रंग आपण अंदाजाने भरला. 'ओढणी मेंदी रंगाची, फूफीदादींनी सांगितले. पडदा अंदाजाने.' एवढे पुरे. तिसरी ओळ टाळू नका. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे हा फोटो हातात घेतील तेव्हा खरे किती आणि मानलेले किती हे त्यांना कळायला हवे. आणि रंगीत प्रतीशेजारी मूळ काळा-पांढरा फोटोही जपून ठेवा.

पुढच्या सुट्टीत मामूंकडे, फूफींकडे जाणे होईलच. जाताना मिठाईबरोबर एका जुन्या फोटोची प्रत आणि रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन जा. मुलांनाही जवळ बसवा. प्रश्न त्यांना विचारू द्या, लिहायचे काम तुम्ही करा. काय कळले ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. फोटो पाठवायची गरज नाही, रंग आणि त्यामागची गोष्ट पुरे.